वाहनांच्या बाह्यांगासाठी पत्र्याचे कर्तन : पद्धतींच्या तौलनिक मांडणीची चिकित्सा

बीजशब्द : पत्रा, कर्तन, प्रेस, लेझर, काठ, वाहन-दुरुस्ती

प्रस्तावना

अभियांत्रिकी पदवीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्प-अहवालांचे बाह्य परीक्षण करताना एक तक्ता वारंवार दृष्टीस पडतो. डाव्या स्तंभात कर्तनाच्या पद्धती असतात : हातकात्री, गिलोटिन, प्रेसमधील साचा, गॅस, प्लाझ्मा, लेझर, जलधारा. वरच्या ओळीत वेग, अचूकता, खर्च, जाडीची मर्यादा असे रकाने असतात. चौकटींत ‘उत्तम’, ‘मध्यम’, ‘कमी’ असे शेरे भरलेले असतात आणि निष्कर्ष बहुधा लेझरच्या बाजूने लागतो. गेल्या अनेक वर्षांत प्रस्तुत लेखकाने असे अहवाल पुष्कळ वाचले आणि, कबूल करावयास हवे, त्यांना गुणही दिले. तथापि या तक्त्याने कोणता प्रश्न सुटतो, असे विचारले असता समाधानकारक उत्तर मिळत नाही. विद्यार्थ्यांचा दोष त्यात अल्प आहे. पाठ्यपुस्तकांतील मांडणीच या स्वरूपाची असते आणि आपण शिक्षक तीच पुढे देत आलो आहोत.

प्रस्तुत लेखाचा विषय ही मांडणी आहे. मोटार, बस, टेम्पो यांच्या बाह्यांगासाठी पत्रा कसा कापावा, याचे एकच सर्वश्रेष्ठ उत्तर शोधण्याचा येथे हेतू नाही. तुलना कोणत्या निकषांवर केली जाते, कोणते निकष गाळले जातात आणि त्या गाळण्याची किंमत अखेर कोण देतो, हे पाहावयाचे आहे.

‘कटिंग’ या शब्दाची अडचण

पहिली अडचण भाषेची आहे. कारखान्यात आणि वर्गातही या साऱ्या क्रियांना आपण सरसकट ‘कटिंग’ म्हणतो. मराठीत मात्र कापणे, कातरणे, तोडणे, छाटणे, कुरतडणे, जाळणे, झिजवणे अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत आणि पत्र्याच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरतात. कात्री, गिलोटिन आणि प्रेसमधील साचा पत्रा कातरतात. निबलर नावाचे यंत्र पत्रा अक्षरशः कुरतडत जाते. गॅस-कर्तनात लोखंड जळते. सुमारे नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या लोखंडावर शुद्ध प्राणवायूचा झोत सोडला की त्याचे ज्वलन होते आणि तयार झालेले ऑक्साइड झोताबरोबर उडून जाते. प्लाझ्मा धातू वितळवून उडवतो. ग्राइंडरची चकती आणि वाळूमिश्रित जलधारा धातू झिजवतात. लेझरची गोष्ट याहून मौजेची आहे, कारण साहाय्यक वायू प्राणवायू असेल तर तो काही अंशी जाळतो आणि नायट्रोजन असेल तर केवळ वितळवतो. यंत्र तेच राहते, क्रिया मात्र बदलते.

हा शब्दच्छल नव्हे. क्रिया कोणती यावर काठाचे स्वरूप ठरते, आणि काठाच्या स्वरूपावर पुढचे सारे. ॲल्युमिनियम गॅसने का कापले जात नाही, हे पाठ करावे लागते ते ‘कटिंग’ या एकाच शब्दामुळे. क्रियापद ‘जाळणे’ आहे हे ध्यानात घेतले की उत्तर आपोआप हाती येते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. त्यावरील ऑक्साइडचा थर मात्र दोन हजार अंशांच्या पुढेपर्यंत घनच राहतो. जळण्याची क्रिया त्या थराखाली पोचतच नाही.

कातरण्याच्या क्रियेतही एक सूक्ष्म फसगत आहे. साच्यातला पंच पत्र्यावर उतरतो तेव्हा तो पूर्ण जाडी कापीत नाही. आधी वरचा काठ किंचित गोलावतो. मग सौम्य पोलादात जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पंच खरोखर आत शिरतो आणि तेवढा पट्टा चकाकता निघतो. उरलेली जाडी तडकून तुटते. तळाशी राहते ती उभी कुसळ, जिला कारखान्यात ‘बर’ म्हणतात. म्हणजे साच्यातून निघालेला प्रत्येक काठ थोडा कापलेला आणि बराचसा तुटलेला असतो. पंच आणि डाय यांच्यातील फट प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाच ते दहा टक्के ठेवावी, असा पाठ आहे. ०.७ मिलिमीटरच्या पत्र्यासाठी सात टक्के धरले तर ही फट पाच शतांश मिलिमीटरच्याही किंचित आत येते. एवढी फट संपूर्ण परिमितीवर सारखी राखणे ही साचा घडवणाऱ्या टूलरूममधल्या कारागिराची कसोटी. धार बोथटली, फट वाढली, की बर वाढतो. तक्त्यातील ‘अचूकता : उत्तम’ हा शेरा नव्या साच्याचा असतो, लाखभर ठोके खाल्लेल्या साच्याचा नसतो. लेझरच्या बाबतीतही मळलेली काच आणि झिजलेले नोझल यांचा हिशेब कोणी धरीत नाही, हे न्यायाने नोंदवले पाहिजे.

काठाचा प्रश्न

वाहनाच्या बाह्यांगात कापलेला तुकडा हे अंतिम उत्पादन नसते. तो पुढे ओढला जातो, वाकवला जातो, दुमडला जातो, जोडला जातो, रंगवला जातो आणि दहा-पंधरा पावसाळे काढतो. बॉनेटचेच पाहा. गुंडाळीतून सपाट तुकडा काढतात, प्रेसमध्ये त्याला आकार देतात, नंतर जास्तीचा काठ छाटतात आणि शेवटी बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून बसवतात. म्हणजे कर्तन दोनदा होते, आणि त्या दोन कर्तनांच्या गरजा भिन्न असतात. पहिल्या वेळी पत्रा सपाट असतो आणि काठाचा बराच भाग पुढे छाटलाच जाणार असतो. दुसऱ्या वेळी उरलेला काठ कायमचा राहणार असतो. आपल्या तक्त्यांत ही दोन्ही कामे एकाच रकान्यात कोंबलेली असतात.

दुमडीच्या वेळी बर कोणत्या बाजूला आहे, याला फार महत्त्व आहे. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते. बर त्या बाजूला आला तर तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून बर आतल्या बाजूला ठेवून वाकवावे, हा जुन्या पत्रा-कारागिरांचा नियम. ज्यांना अणुरचनेचा गंधही नव्हता त्यांनी तो बोटांनी शोधला होता.

पत्रा साधा होता तोवर या गोष्टी अनुभवावर भागून गेल्या. आयएस ५१३ या भारतीय मानकातील ओढकामाचा सौम्य पत्रा क्षमाशील असतो. काठ थोडा वाईट निघाला तरी तो सांभाळून घेतो. परंतु वाहने हलकी आणि अपघातात अधिक टिकाऊ करण्यासाठी द्विप्रावस्था पोलादे आली, आणि प्रश्न पालटला. या पोलादात मऊ फेराइटच्या पार्श्वभूमीवर कठीण मार्टेन्साइटची बेटे विखुरलेली असतात. साच्याने कातरताना या बेटांच्या सीमारेषांवर सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात. डोळ्यांना काठ निर्दोष दिसतो. पुढे तो ताणून कड वळवू लागताच फाटतो. मूळ पत्र्याची ताणचाचणी उत्तीर्ण झालेली असते, तरीही काठ फाटतो. छिद्र-प्रसरण चाचणीचे महत्त्व येथे आहे. आयएसओ १६६३० या मानकानुसार दहा मिलिमीटर व्यासाचे छिद्र पंचाने पाडतात आणि साठ अंशांच्या शंकूने ते रुंदावत नेतात. काठाची तड संपूर्ण जाडीतून आरपार गेली की थांबतात. त्याच पत्र्यात छिद्र पंचाऐवजी लेझरने वा मिलिंगने केले, तर ते बहुधा अधिक रुंदावते. म्हणजे पदार्थाच्या गुणधर्माइतकाच कर्तन-पद्धतीचा ठसा त्या आकड्यात असतो. वर्गात आपण गुणधर्म एका विषयात शिकवतो आणि कर्तन दुसऱ्या विषयात. दोन्हींची गाठ काठावर पडते, हे सांगायचे राहून जाते.

लेझरचा काठही सर्वगुणसंपन्न नाही. प्राणवायूने कापल्यास काठावर ऑक्साइडचा थर राहतो. त्यावर रंग नीट धरत नाही. पुढे तो थर निसटला की रंगही निसटतो. नायट्रोजन वापरल्यास काठ स्वच्छ निघतो, पण वायूचा खर्च वाढतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उष्ण पद्धतींची आणखी एक अडचण आहे. जस्त ९०७ अंशांना उकळते, पोलाद वितळायला सुमारे पंधराशे अंश लागतात. म्हणजे पोलाद कापले जाण्याआधीच त्याचे कवच उडालेले असते. लेझरची उष्णता अत्यंत अरुंद पट्टीत राहत असल्याने ही हानी थोडी असते आणि शेजारचे जस्त स्वतः झिजून उघड्या काठाला बरेच संरक्षण देते. ग्राइंडर वा गॅस यांनी मात्र रुंद पट्टा उघडा पडतो. कोकण किनाऱ्यावर चालणाऱ्या गाडीचा गंज बहुतेक वेळा कुठून सुरू होतो, हे पाहिले तर या रकान्याला तक्त्यात जागा का नाही याचे नवल वाटते.

संख्येचा प्रश्न

खर्चाचा रकाना तर सर्वांत भोळा असतो. एक साधे उदाहरण घेऊ. बॉनेटचा सपाट तुकडा दीड मीटर बाय एक मीटर वीस सेंटिमीटर आहे असे समजा. परिमिती ५.४ मीटर. जाडी ०.७ मिलिमीटर, कातर-सामर्थ्य २५० मेगापास्कल. परिमिती, जाडी आणि कातर-सामर्थ्य यांचा गुणाकार केला की सुमारे ९४५ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ ९६ टनांचे बल येते. पंचाची धार तिरपी ठेवून ते कमी करता येते. ते सोडून देऊ. प्रेस हे काम एका ठोक्यात, दोन-तीन सेकंदांत उरकते. मिनिटाला वीस मीटर वेगाच्या लेझरला तीच परिमिती फिरायला सोळा सेकंद लागतात. येथवर प्रेस सरस.

आता साच्याचा खर्च वीस लाख रुपये आणि लेझरने कापण्याचा खर्च नगामागे चाळीस रुपयांनी अधिक, असे केवळ उदाहरणादाखल मानू. वीस लाखांना चाळीसने भागले की पन्नास हजार. त्याहून अधिक नग करायचे असतील तर साचा, कमी असतील तर लेझर. विद्यार्थी येथे थांबतो आणि आपण ‘बरोबर’ अशी खूण करतो. परंतु उत्पादन सुरू झाल्यावर रचनेत दोनदा बदल झाला आणि प्रत्येक वेळी साच्याच्या दुरुस्तीला तीन लाख लागले, तर भाज्य सव्वीस लाख होते. लेझरने तुकडे एकमेकांत बसवून कापता येतात, त्यामुळे भंगार घटून नगामागे पंधरा रुपयांचा पत्रा वाचला, तर भाजक पंचवीसवर येतो. उत्तर एक लाख चार हजार. दोनच गोष्टी विचारात घेतल्या आणि सीमारेषा दुपटीहून पुढे सरकली. मग मूळच्या पन्नास हजारांना अर्थ काय उरला? सपाट तुकड्यांसाठी गुंडाळीवरून थेट पत्रा घेणाऱ्या आणि अनेक लेझर-शीर्षे एकाच वेळी चालवणाऱ्या उत्पादन-रेषा मोठ्या कारखान्यांत आल्या आहेत, त्यामागचे कारण या भागाकारात आहे. लेझर ‘आधुनिक’ आहे हे त्याचे कारण नव्हे.

लेझरच्या इतिहासातील एक तपशील आपल्या वर्गांत क्वचितच सांगितला जातो. पत्रा कापणाऱ्या यंत्रांत दीर्घकाळ वापरला गेलेला कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी सिद्ध केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि १९५८ ची अभियांत्रिकी पदवी पुण्याची. तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, इंग्लंडमध्ये प्राणवायूच्या झोताची जोड देऊन या किरणाने पोलादी पत्रा कापून दाखवण्यात आला. त्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, चकचकीत ॲल्युमिनियम तो बराचसा परावर्तित करते. नंतर आलेल्या फायबर लेझरची तरंगलांबी सुमारे एक मायक्रोमीटर असल्याने ही अडचण बरीच ओसरली. जुन्या पाठ्यपुस्तकातील ‘लेझरने ॲल्युमिनियम कापणे कठीण’ हे विधान आज तसेच्या तसे शिकवणे म्हणूनच योग्य नाही.

नगसंख्या थोडी असेल तेव्हा चित्र कसे पालटते, हे पाहण्यासाठी बसची बांधणी हे उत्तम उदाहरण आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटांनी बसवून गाड्या बांधल्या गेल्या. अलीकडे सौम्य पोलादाच्या बांधणीचा अवलंब झाला. बसच्या अंगावरील पत्रा बहुतांशी सपाट, लांब आणि सरळ काठाचा असतो. गिलोटिन, विजेची हातकात्री आणि निबलर यांनी हे काम व्यवस्थित होते. अशा ठिकाणी हातकात्रीला ‘कालबाह्य’ ठरवणारा तक्ता वाचून तिथला कारागीर हसेल. धातू बदलला की मात्र एक पथ्य पाळावे लागते. ज्या चकतीने पोलाद कापले तिनेच ॲल्युमिनियम कापले तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि ओलाव्यात तिथे गंजाची सुरुवात होते. हे पथ्य कार्यशाळेत तोंडी चालते. पुस्तकात क्वचित आढळते.

कापणाऱ्याचा हात

तुलनेतून जो घटक सर्वस्वी बाहेर राहतो तो म्हणजे कापणारा माणूस. प्रेसच्या वेगाचे कौतुक करताना पत्रा आत सरकवणारा हात तिथे असतो, हे आपण विसरतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालणे बंधनकारक केले होते. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची बटणे आणि प्रकाशपडदा ही साधने सुपरिचित आहेत. तरीही छोट्या गाळ्यांतील जुन्या प्रेसवर पायदळ दाबून काम चालते, आणि बोटे गमावलेले कामगार कोणत्याही औद्योगिक वसाहतीत भेटतात. प्रस्तुत लेखकाच्या एका माजी विद्यार्थ्याने नोकरीच्या दुसऱ्या वर्षी उजव्या हाताची दोन बोटे गमावली. पदविकेच्या वर्गात त्याने काढलेला तुलनात्मक तक्ता सुबक होता. त्यात सुरक्षिततेचा रकाना नव्हता, आणि तो का नाही असे मीही विचारले नव्हते. ‘नगामागील खर्च’ काढताना या बोटांची किंमत कोणत्या बाजूला धरायची, हा प्रश्न त्यानंतर माझ्या मनातून गेलेला नाही.

उष्ण पद्धतींचे धोके वेगळे आहेत. जस्ताच्या मुलाम्यावर गॅस वा ग्राइंडर चालवला की पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेला तर काही तासांनी थंडी-ताप भरतो. कारागीर त्याला कामाचा शीण समजतात.

दुरुस्तीच्या गाळ्यात

आतापर्यंतची चर्चा नव्या वाहनाची झाली. परंतु पत्रा कापण्याचे काम कारखान्याबाहेर, रस्त्याकडेच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गाळ्यांतही अहोरात्र चालते, आणि तौलनिक मांडणीत या क्षेत्राचा उल्लेखच नसतो. अपघातग्रस्त मोटारीचा चेपलेला भाग छन्नीने, ग्राइंडरने किंवा गॅसने कापून काढायचा आणि नवा तुकडा जोडायचा, ही पिढीजात रीत. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावलेल्या पद्मिनी टॅक्सीला ही रीत मानवली, कारण तिचा पत्रा साधा आणि सर्वत्र सारख्या जातीचा होता. फिटरने कुठेही कापले, कुठेही जोडले, तरी गाडीचे स्वरूप बदलत नसे.

आजच्या मोटारीत दाराच्या मधला खांब अनेकदा बोरॉनयुक्त पोलादाचा असतो. हे पोलाद नऊशे अंशांच्या पुढे तापवून साच्यातच विझवतात. त्याचे ताणसामर्थ्य सुमारे पंधराशे मेगापास्कलपर्यंत पोचते. साध्या पत्र्याच्या कितीतरी पट. ते इतके कठीण की कारखान्यातही त्याचा काठ साच्याने छाटणे साच्याला परवडत नाही आणि बहुधा लेझरनेच छाटावा लागतो. गाळ्यात ड्रिलचे पाते त्यावर घसरते किंवा मोडते. मग कारागीर गॅस पेटवतो. काम होते. पण ज्या उष्णतेने तो पत्रा कापला जातो तीच उष्णता शेजारच्या मार्टेन्साइटला मऊ करते. वरून लांबी भरली, रंग मारला, की खांब पूर्वीसारखाच दिसतो. पुढच्या अपघातात तो पूर्वीसारखा उभा राहील याची शाश्वती मात्र उरत नाही. उत्पादकांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत कुठे कापावे, कुठे मुळीच कापू नये आणि कोणता भाग सबंध बदलावा, याच्या रेषा आखलेल्या असतात. त्या पुस्तिका इंग्रजीत असतात आणि अधिकृत सेवाकेंद्राबाहेर सहसा पोचत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारतात सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ मूल्यांकनाचे तारे नव्या गाडीला मिळतात. गॅसने कापलेल्या खांबावर ते तारे कसे टिकावेत?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘शीट मेटल वर्कर’ आणि ‘मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर’ हे व्यवसाय-अभ्यासक्रम आहेत. तिथला विद्यार्थी कात्री धरायला शिकतो, पण हातातला पत्रा कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला शिकतोच असे नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी पत्र्याच्या जाती जाणतो, पण त्याने बहुधा कात्री धरलेली नसते. दोन्ही संस्था अनेक गावांत एकाच रस्त्यावर असतात. मराठीत लिहिलेली, चित्रांसह, चाळीस-पन्नास पानांची एक पुस्तिका या दोघांना एकत्र बसून करता येईल : अमुक प्रकारच्या गाडीत कठीण पोलाद सामान्यतः कुठे असते, तिथे काय चालवायचे नाही, बर कोणत्या बाजूला ठेवायचा, जस्त उडालेल्या काठावर काय लावायचे.

वर्गापुरता एक प्रयोगही सुचवावासा वाटतो. त्याला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. मुलामा दिलेल्या एकाच पत्र्याचे तीन तुकडे घ्यावेत. एक कात्रीने, एक ग्राइंडरने आणि एक जवळच्या कंत्राटदाराकडून लेझरने कापून आणावा. प्रत्येकाचा काठ भिंगाखाली पाहून विद्यार्थ्यांनी त्याचे चित्र हाताने काढावे. मग प्रत्येकाची कड वाकवून तडा कुठे जातो ते पाहावे, आणि उरलेले तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धे बुडवून सत्र संपेपर्यंत प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवावेत. दर आठवड्याला नोंद घ्यावी. तक्ता त्यानंतर भरावा, आणि रकाने कोणते घ्यायचे ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.